हे खरे आहे काय?

विधानसभेच्या तारांकित प्रश्नांची यादी हातात घेतली की तिचा साचा लगेच ध्यानात येतो. आधी प्रश्नाचा क्रमांक, मग आमदारांची नावे, कंसात मतदारसंघ, आणि मग ठरलेले वाक्य : ‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’. खाली क्रमांक घातलेले चार-पाच भाग. पहिला भाग ‘हे खरे आहे काय’ या शब्दांवर संपतो. पुढचे भाग ‘असल्यास’ने सुरू होतात : असल्यास चौकशी केली काय, चौकशीत काय आढळून आले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. शेवटचा भाग बहुतेक प्रश्नांत सारखाच : ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

उत्तरांचाही साचा ठरलेला. ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘हे खरे नाही’. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर आले, की खालच्या सगळ्या भागांसमोर एकच ओळ पडते : ‘प्रश्न उद्भवत नाही.’ गावात दवाखान्याला कुलूप असते, आणि छापील कागदावर त्या कुलपाचा प्रश्न उद्भवलेला नसतो.

परभणी जिल्ह्याच्या वाट्याला २८८ पैकी चार आमदार येतात : परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी. तालुके नऊ. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १८ लाख ३६ हजार. लोकसभेत एक खासदार, आणि त्यांच्याकडे शेजारच्या जालना जिल्ह्यातले परतूर आणि घनसावंगीही. मंत्रालय सुमारे पाचशे किलोमीटरवर. एवढ्या लांबून आमदाराचे भाषण मोबाइलवर दिसते, भूमिपूजनाचा फलक चौकात दिसतो. पण इथल्या दवाखान्यांबद्दल, शाळांबद्दल, पाटाच्या पाण्याबद्दल शासनाने कधी आणि काय लेखी कबूल केले, हे पाहायचे तर या याद्या चाळण्याला पर्याय नाही. आपल्या प्रतिनिधीचा हिशेब मांडताना परभणीकरांनी सर्वांत आधी हेच कागद काढावेत, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर मंत्री देतात, पण ते लिहिले जाते जिल्ह्यात. प्रश्न स्वीकारला गेला की तो विधानमंडळ सचिवालयाकडून मंत्रालयातल्या विभागाकडे जातो. तिथल्या कक्ष अधिकाऱ्याकडून आयुक्तालय किंवा संचालनालयाकडे, तिथून परभणीला जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, जिल्हा शल्यचिकित्सक किंवा कार्यकारी अभियंत्याकडे, आणि अखेर गटविकास अधिकाऱ्याच्या नाहीतर तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर. कचेऱ्यांत त्याला ‘एलएक्यू’ म्हणतात. एलएक्यू आला की बाकीचे टपाल बाजूला पडते. अधिवेशन चालू असताना मुख्यालय सोडू नका, अशा सूचना निघतात. माहिती आजच्या आज हवी असते. नुसते उत्तर पाठवून भागत नाही, कारण सभागृहात उपप्रश्न आला तर मंत्र्यांच्या हाताशी काहीतरी हवे. म्हणून सोबत टिप्पणी जोडायची : पदे किती मंजूर, भरलेली किती, निधी किती आला, खर्ची किती पडला, प्रस्ताव कोणत्या तारखेला वर पाठवला.

या टिप्पणीत खरी गोम आहे. ‘प्रस्ताव अमुक दिनांकास सादर करण्यात आला आहे’ असे लिहायचे तर तो आधी सादर करावा लागतो. महिनोन्महिने न हललेली फाइल त्या आठवड्यात हलते. दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार होते, नळयोजनेच्या ठेकेदाराला नोटीस जाते, बंद पडलेल्या यंत्रासाठी मागणीपत्र निघते. लेखी प्रश्नाचे पहिले काम असे उत्तर छापून येण्याआधीच, सभागृहापासून पाचशे किलोमीटरवर होऊन जाते. सभागृहात तो पुकारला गेला नाही, पटलावर ठेवलेल्या उत्तरांच्या गठ्ठ्यात गेला, तरीही.

प्रश्न विचारण्याचा हा अधिकार परभणीला फार उशिरा मिळाला. इंग्लंडच्या उमरावांच्या सभागृहात सरकारला पहिला प्रश्न विचारला गेला तो १७२१ मध्ये, साउथ सी कंपनीच्या घोटाळ्यावरून. हिंदुस्थानात १८९२च्या कायद्याने कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्नाची मुभा मिळाली. १८९५ मध्ये टिळक मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले तेव्हा प्रश्न विचारता येत होता, पण मिळालेल्या उत्तरावर उलट उपप्रश्न करायची सोय नव्हती. ती १९०९च्या सुधारणांनी आली, आणि तीही मूळ प्रश्नकर्त्यापुरती. तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. प्रौढ मतदानाने निवडलेले आणि लोकांना जबाबदार असलेले विधिमंडळ इथल्या माणसाने पाहिले ते पोलीस कारवाईनंतर, १९५२ साली, हैदराबादेत.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत परभणीने लोकसभेवर काँग्रेसचा माणूस न पाठवता शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे पाठवले. १९७७ मध्ये पुन्हा शेकापचेच शेषराव देशमुख. सत्ता हाती नाही, निधीवाटपाच्या बैठकीत शब्दाला वजन नाही, अशा प्रतिनिधीजवळ प्रश्न हे एकच धारदार हत्यार उरते. शेजारच्या कंधारचे शेकाप आमदार केशवराव धोंडगे ते कसे परजत, याच्या आठवणी मराठवाड्यात आजही निघतात. पुढे अनुशेषाची लढाईही आकड्यांवरच उभी राहिली. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये राज्याच्या सरासरीच्या मागे प्रत्येक जिल्हा किती आहे हे खातेवार मोजून मांडले, म्हणून मराठवाड्याच्या गाऱ्हाण्याला पाठबळ मिळाले. त्यातून १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मराठवाड्याचा वेगळा हिशेब मांडणारी ती चौकट गेल्यावर आमदाराच्या लेखी प्रश्नावरचे ओझे वाढले आहे.

आता दवाखान्यांकडे वळू. मैदानी भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांमागे एक उपकेंद्र, हा सरकारचाच निकष. परभणी जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या २०११ मध्ये साडेबारा लाखांच्या वर होती, म्हणजे तेव्हाच्या गणतीनेही किमान ४२ केंद्रे हवीत. जनगणनेला आता चौदाहून अधिक वर्षे होऊन गेली. या विषयावर प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता येतो. ‘परभणी जिल्ह्यातील आरोग्य सेवा कोलमडली आहे, हे खरे आहे काय?’ असा विचारला तर उत्तर ठरलेले : हे खरे नाही. आणि पुढचे सगळे भाग ‘उद्भवत नाहीत’. तोच प्रश्न असा विचारून पाहा : जिल्ह्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती, अमुक तारखेस भरलेली किती, प्रत्येक रिक्त पद कधीपासून रिक्त आहे, त्या केंद्रात गेल्या बारा महिन्यांत बाळंतपणे किती झाली आणि किती बायांना पुढे पाठवले? इथे ‘हे खरे नाही’ म्हणायला जागाच नाही. केंद्रवार तक्ता द्यावाच लागतो. तो छापून आला की बामणीच्या, चारठाण्याच्या, रावराजूरच्या माणसाला आपल्या केंद्रासमोरचा आकडा वाचता येतो, आणि तो खरा की खोटा हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

रिक्त पदांची गोष्ट परभणीत नवी नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. बदलीने आलेला साहेब परतीची वाट शोधत राहतो, आणि त्याची खुर्ची ‘अतिरिक्त कार्यभारा’वर चालते. एकाच माणसाकडे दोन-दोन तालुक्यांचा कारभार असेल, तर कागदावर पद भरलेले दिसते. म्हणून ‘अतिरिक्त कार्यभार वगळून’ हे तीन शब्द प्रश्नात असावे लागतात. जाणता आमदार ते घालतो, किंवा त्याच्या कार्यालयात ते घालणारा कोणी जाणता बसलेला असतो.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी परभणीने आंदोलने केली, सर्व पक्षांचे लोक त्यात उतरले. तोवर गंभीर रुग्णाला नांदेडला नाहीतर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्यायचे, हा इथला रिवाजच होता. २०२३ मध्ये १०० जागांचे महाविद्यालय सुरू झाले. ही लहान गोष्ट नाही. पण महाविद्यालय सुरू होणे आणि रुग्णाला नांदेडला न्यावे न लागणे यांत बरेच अंतर असते. ते मोजायचे तर प्राध्यापकांची भरलेली पदे, भूलतज्ज्ञांची संख्या आणि महिनावार बाहेर पाठवलेले रुग्ण इतकी तीन कोष्टके दर अधिवेशनात मागावीत.

संसदेत वेगळी अडचण येते. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात, अतारांकिताला फक्त लेखी. कोणाचा प्रश्न लागणार हे सोडतीने ठरते. तेवढे जमून खासदाराने दवाखान्याचे विचारले, तर केंद्राच्या उत्तराचे पहिले वाक्य बहुधा असे असते की आरोग्य हा राज्याचा विषय आहे. २० जुलै २०२१ ला राज्यसभेत असेच एक लेखी उत्तर आले आणि देश ढवळून निघाला. आपल्या दिंडोरीच्या भारती पवार तेव्हा आरोग्य राज्यमंत्री होत्या. प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेली नाही, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये परभणीच्या जिल्हा रुग्णालयात झाड कोसळून प्राणवायूची वाहिनी फुटली होती, आणि कर्मचाऱ्यांनी रातोरात सिलिंडर जोडून रुग्ण वाचवले होते. ते दिवस पाहिलेल्या माणसाला हे उत्तर किती झोंबले असेल! तरी ते उत्तर लेखी आले हे बरे झाले. कोणत्या राज्याने काय कळवले आणि काय कळवले नाही, हे त्यामुळेच विचारता आले.

रेल्वेची उत्तरे वाचणे हा तर धीराचा अभ्यास आहे. परभणी आणि पूर्णा ही दोन्ही जंक्शने, दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागातली. मुदखेड ते परभणी दुसरा मार्ग आधी झाला, पण परभणीच्या पुढे संभाजीनगरकडे एकेरी रूळ. क्रॉसिंगसाठी आडरानात थांबलेली गाडी इथल्या प्रत्येकाच्या अनुभवातली. खासदारांनी प्रश्न टाकला की मंत्रालयाकडून येणारी वाक्ये पाठ व्हावीत इतकी सारखी : रेल्वेचे प्रकल्प जिल्हावार वा राज्यवार मंजूर होत नाहीत, ते क्षेत्रीय रेल्वेनुसार (झोननुसार) होतात. थांबा देणे ही निरंतर प्रक्रिया आहे आणि ती प्रवासी संख्या, व्यवहार्यता व साधनांची उपलब्धता यांवर अवलंबून आहे. पण याच ठरीव वाक्यांच्या मधे एखादी कामाची ओळ असते. सर्वेक्षण मंजूर झाले, तपशीलवार अहवाल तयार झाला, तो अमुक टप्प्यावर आहे. दोन अधिवेशनांतली उत्तरे शेजारी ठेवली की ती ओळ पुढे सरकली की जागेवरच आहे हे दिसते. ३१ जुलै २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने छत्रपती संभाजीनगर–परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. त्यामागे अनेकांनी अनेक वर्षे लावलेला लकडा आहे, एकट्याने श्रेय घ्यावे असे त्यात काही नाही. आता भूसंपादन किती हेक्टर, कोणत्या तालुक्यात, निविदा कधी, हे विचारत राहायचे दिवस आहेत.

प्रश्न किती खालच्या पातळीवर उतरतो, यावर उत्तराची किंमत ठरते, हे परभणीला पीकविम्याने शिकवले. २०१७च्या खरिपात सोयाबीन गेले आणि विमा हाती पडला नाही, म्हणून २०१८ मध्ये शेतकरी जिल्हाधिकारी कचेरीसमोर दिवसेंदिवस ठाण मांडून बसले. वादाच्या मुळाशी मोजणीचे एकक होते. नुकसान महसूल मंडळ धरून मोजले तर एक चित्र, तालुका धरून मोजले तर दुसरे. तालुक्याच्या सरासरीत चांगले पिकलेले मंडळ करपलेल्या मंडळाला झाकून टाकते, आणि ज्याच्या रानात काहीच आले नाही तो कागदावर सुखी ठरतो. विधिमंडळातल्या उत्तरांचेही असेच होते. ‘जिल्ह्यात एकूण इतके कोटी वितरित’ ही ओळ खरी असते, पण तिच्यातून पालमच्या शेतकऱ्याला काही कळत नाही. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, आणि परभणी त्याच्या शेपटाकडे. सोडलेले पाणी किती, हे विचारून टोकाच्या वितरिकेवरच्या शेतकऱ्याचा काय फायदा? त्याच्या चारीवर किती दिवस पोचले, ते विचारावे लागते.

सभागृहात नोंदलेल्या शब्दाला वजन असते, याचा अनुभव परभणीने अलीकडे फार मोठी किंमत मोजून घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली, आणि अटकेतला कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. नागपूरला हिवाळी अधिवेशन चालू होते. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की त्या तरुणाने दंडाधिकाऱ्यांसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती आणि चित्रीकरणात मारहाण दिसत नाही. हे लेखी प्रश्नाचे उत्तर नव्हते, चर्चेला दिलेले उत्तर होते. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. सभागृहातले विधान कामकाजाच्या नोंदीत आहे, न्यायालयाचा आदेशही उपलब्ध आहे. दोन्ही वाचून कोणीही नागरिक शासनाला पुन्हा विचारू शकतो.

कोणत्या आमदाराने किती प्रश्न विचारले याची मोजदाद वर्तमानपत्रांत येते. ती मला फारशी उपयोगाची वाटत नाही. विधानसभेच्या यादीत एकेका प्रश्नावर अनेकदा दहा-पंधरा नावे असतात, त्यांतल्या कोणी तो लिहिला हे कळत नाही. प्रश्न विकलेही गेले आहेत : पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेने ११ खासदार काढून टाकले, त्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातले दोघे होते. प्रश्नाला बाजारात भाव होता, यावरूनच त्याची ताकद कळते. म्हणून संख्या बाजूला ठेवून मजकूर वाचावा. प्रश्नात गावाचे नाव आहे का, तारीख आहे का, आधीच्या उत्तराचा क्रमांक दिला आहे का?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मंत्री झालेला आमदार प्रश्न विचारत नाही. जिंतूरच्या मेघना बोर्डीकर डिसेंबर २०२४ पासून राज्यमंत्री आहेत, सार्वजनिक आरोग्य त्यांच्या खात्यांत आहे, शिवाय त्या परभणीच्या पालकमंत्री. जिंतूर तालुक्यातल्या दवाखान्याचा प्रश्न सभागृहात आता दुसऱ्याच कोणाला तरी मांडावा लागेल. परभणीच्या फौजिया खान यांचा प्रवास उलट दिशेचा. काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडी सरकारात त्या राज्यमंत्री म्हणून उत्तरे देणाऱ्यांत होत्या, २०२० मध्ये राज्यसभेत जाऊन विचारणाऱ्यांत आल्या. परभणीचे राहुल पाटील तीनदा निवडून आले आणि आज विरोधी बाकावर आहेत, संजय जाधवही लोकसभेत विरोधी बाकावर. जिल्ह्याचे दोन्ही बाजूंना लोक असणे हे खरे तर सोयीचे आहे, विचारणाऱ्याने मात्र भीड धरू नये.

उत्तर छापून आल्यावर पुढे काय, याची व्यवस्था नियमांत आहे. मंत्र्यांनी ‘कार्यवाही करण्यात येईल’ म्हटले की ते आश्वासन ठरते. संसदेत ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते आणि त्यावर आश्वासन समितीची नजर असते. विधिमंडळातही अशी समिती आहे. पण समितीला आठवण करून देणारा लागतो. उत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या असतात, संसदेचीही प्रश्नोत्तरे तिथल्या संकेतस्थळांवर विषयाने, खासदाराच्या नावाने शोधता येतात. त्या उतरवून घ्याव्यात, गावच्या ग्रामसभेत वाचाव्यात, आणि जे खोटे आहे त्याच्याखाली ‘खोटे’ असे लिहून ठरावासह आमदाराकडे परत पाठवाव्यात. पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न तिथेच तयार होतो. महाविद्यालयातल्या राज्यशास्त्राच्या मुलांना याहून चांगला अभ्यास कोणता द्यायचा?

२०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले. गोदावरी, दुधना, पूर्णा पात्र सोडून वाहिल्या, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात कुजले, जमिनी खरवडून गेल्या. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ते महसूल मंडळ अतिवृष्टीचे ठरते, आणि मदतीचा सगळा कागद तिथून सुरू होतो. सरकारने मदतीची घोषणा केली. विधानसभेच्या अधिवेशनात परभणीच्या चारही मतदारसंघांबद्दल हे विचारले गेले पाहिजे : प्रत्येक मंडळातल्या पर्जन्यमापकाची सप्टेंबरची रोजची नोंद काय, कोणते यंत्र कोणत्या दिवशी बंद होते, पंचनामे किती शेतकऱ्यांचे झाले, खरवडलेल्या जमिनीचे क्षेत्र गाववार किती धरले, खात्यावर पैसे कोणत्या तारखेला जमा झाले, ई-केवायसीसाठी किती जणांचे अडकले. आणि नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत.